माहेरापासून पाचशे किलोमीटरवर: ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल बायकांचं बाळंतपण समजून घेताना

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडच्या किनाऱ्याजवळ एल्को नावाचं बेट आहे. तिथल्या गालिविन्कू गावात योल्ङू लोक राहतात. ते ॲबोरिजिनल, म्हणजे इंग्रज यायच्या आधीपासूनचे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. गावात दवाखाना आहे, नर्स आहेत, गरोदरपणातल्या तपासण्याही होतात. बाळंतपण मात्र तिथे करत नाहीत. तारखेच्या दोन-चार आठवडे आधी गरोदर बाईला छोट्या विमानात बसवून पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या डार्विन शहरात पाठवतात. तिथे हॉस्टेलवर राहून वाट बघायची, कळा सुरू झाल्या की हॉस्पिटलात जायचं, मग बाळ घेऊन परत यायचं. घरी लहान लेकरं असली तर ती मागेच राहतात. सोबत आई किंवा मावशी येणार की नाही, हे सोबत्याच्या तिकिटाचा सरकारी नियम काय म्हणतो त्यावर ठरतं. वर्षानुवर्षं कितीतरी बायका एकट्याच गेल्या.

कागदावर यात काही चुकलेलं दिसत नाही. मोठं हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आणि तेही सरकारी खर्चाने. मग अडचण काय आहे?

अडचण आकड्यांत दिसते. ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल आणि उत्तरेकडच्या टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळ रहिवासी आयांची शंभरातली सुमारे १४ बाळं दिवस भरण्याआधी जन्मतात. बाकीच्या समाजात हे प्रमाण सुमारे ८ आहे. बाळंतपणाशी संबंधित कारणांनी आई दगावण्याचा धोकाही त्यांच्यात बराच जास्त आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संसद आणि सरकारला सल्ला देणारं या लोकांचं मंडळ राज्यघटनेत असावं का, यावर सार्वमत झालं आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी नाही म्हटलं, तेव्हा हा समाज थोडे दिवस जगाच्या बातम्यांत होता. मग इतक्या श्रीमंत देशात त्यांच्या बाळंतिणींची ही अवस्था का, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर यंत्रांत शोधलं तर सापडत नाही.

आधी तीन शब्द

पहिला शब्द मिडवाइफ. आपण त्याचं भाषांतर सुईण असं करतो आणि डोळ्यांसमोर गावातली अनुभवी म्हातारी येते. ऑस्ट्रेलियातली मिडवाइफ विद्यापीठात शिकलेली, सरकारदरबारी नोंदणी झालेली असते. साधं बाळंतपण तीच करते आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरांना बोलावते.

दुसरा शब्द कंट्री. ॲबोरिजिनल माणूस ‘माझी कंट्री’ म्हणतो तेव्हा तो ऑस्ट्रेलिया देशाबद्दल बोलत नसतो. आपल्या पूर्वजांची जमीन, तिथलं पाणी, झाडं, प्राणी, त्या जागेच्या कथा, तिथली भाषा आणि त्या सगळ्यांप्रति असलेलं आपलं कर्तव्य, हे सारं त्या एका शब्दात येतं. इंग्रज यायच्या आधी या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या. प्रत्येकीची कंट्री वेगळी.

तिसरा शब्द सांस्कृतिक सुरक्षितता. तो शेजारच्या न्यूझीलंडमधून आला. इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने १९८० च्या दशकाच्या शेवटी तो मांडायला सुरुवात केली आणि १९९२ पासून तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात तो अधिकृतपणे आला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: उपचार सुरक्षित वाटले की नाही, हे उपचार घेणारी बाई ठरवते, देणारा नाही. नर्सने चार सणांची नावं पाठ केली म्हणजे ते साधलं असं होत नाही. आपल्या हातात सत्ता आहे, आपल्या मनात काही गृहीतं आहेत, हे नर्सने आधी स्वतःशी तपासायचं असतं.

नाळ पुरलेली जागा

मराठी माणसाला यातलं बरंचसं न सांगता कळायला हवं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. का? सासरच्या गावात चांगलं हॉस्पिटल असलं तरी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येते. तिला काय हवं ते आईला सांगावं लागत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, शेक, बाळाला ओवा-वेखंडाची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाचवीला सटवाईची पूजा. यातलं काय विज्ञानाच्या कसोटीवर टिकतं, हा वेगळा विषय. (कोंडलेल्या खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसांना बरा नाही, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे.) पण या सगळ्यातून बाईला एक गोष्ट कळते: मी एकटी नाही, माझ्याभोवती माझी माणसं आहेत. आणि एखाद्या जागेशी आपलं जन्माचं नातं सांगायचं झालं की आपण सहज म्हणून जातो, माझी नाळ तिथे पुरली आहे.

आता ॲबोरिजिनल रीत बघा. अनेक समाजांमध्ये बाळाची वार (नाळेची गादी) आपल्याच भूमीत पुरतात. ठरावीक स्थानिक वनस्पती पेटवून त्यांच्या धुरात आई आणि बाळाला धरतात, म्हणजे दोघंही बळकट होतात आणि भूमी बाळाला ओळखते. बाळंतपण ही बायकांची बाब आहे, पुरुषांनी तिथे यायचं नाही, अशी कडक समज बऱ्याच ठिकाणी असते. जाणत्या आज्या त्या ज्ञानाच्या मालकीण असतात. कोणत्या भूमीवर जन्म झाला यावरून त्या माणसाचे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरू शकतात.

अशा बाईला डार्विनला पाठवणं म्हणजे काय, हे मग लक्षात येतं. आपल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी कुणी अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, एकटीला पाठवलं तर तिची आई काय म्हणेल? त्या भागातल्या कितीतरी बायकांची इंग्रजी ही तिसरी नाही तर चौथी भाषा आहे.

मग बायका काय करतात? काही जणी दिवस लपवतात, तपासणीला उशिरा जातात. काही जणी कळा सुरू होईपर्यंत घरातच थांबतात, म्हणजे विमानात बसवायची वेळ टळून जाते आणि गावातल्या दवाखान्यात, कुठल्याही तयारीविना, बाळ जन्मतं. सुरक्षिततेसाठी केलेला नियम इथे स्वतःच धोका तयार करतो.

दवाखान्याची भीती कुठून आली

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा विषय इथे आहे.

१९६० च्या दशकापर्यंत ऑस्ट्रेलियातल्या अनेक हॉस्पिटलांत ॲबोरिजिनल बायकांना गोऱ्या बायकांच्या वॉर्डात घेत नसत. त्यांचं बाळंतपण मागच्या व्हरांड्यात नाहीतर वेगळ्या खोलीत व्हायचं. हे ऐकलेल्या आणि भोगलेल्या बायका आज आज्या-पणज्या आहेत. त्यांच्या नाती आज बाळंतपणाला जातात.

त्याहून खोल जखम दुसरी. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणाने ॲबोरिजिनल मुलं आईबापांपासून काढून मिशन, अनाथाश्रम आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली. त्यांना ‘स्टोलन जनरेशन्स’, चोरलेल्या पिढ्या म्हणतात. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीच्या अहवालाने अंदाज दिला की त्या काळात दहातल्या एका मुलापासून ते तिघांतल्या एका मुलापर्यंत, इतकी मुलं अशी नेली गेली.

त्यातली एक लॉर्ना नंगाला फेजो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस टेनंट क्रीकजवळ तिचा जन्म झाला. साहेब लोक मुलं न्यायला येतात हे कळलं होतं, म्हणून वस्तीतल्या लोकांनी ओढ्याच्या काठात खड्डे खणून ठेवले होते, मुलांना पळून लपायला. १९३२ मध्ये ट्रक आला. मुलं सापडली. लॉर्ना तेव्हा साधारण चार वर्षांची. आई पुन्हा कधीच दिसली नाही. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा त्यांनी हीच हकिगत सांगितली.

संसदेतल्या त्या भाषणामुळे लॉर्ना फेजो माहीत झाल्या, पण त्यांच्या कामाकडे मला जास्त लक्ष वेधायचं आहे. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांतात (डार्विन त्यातच येतं) १९९३ च्या सुमारास ‘सशक्त बायका, सशक्त बाळं, सशक्त संस्कृती’ या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्या होत्या. गावातल्याच जाणत्या बायकांनी तरुण गरोदर मुलींना हाताशी धरायचं: काय खावं, तपासणीला कधी जावं, आपल्या रीती कोणत्या, हे त्यांनीच सांगायचं. जिला आईपासून तोडलं, तिने उभं आयुष्य आया आणि बाळं एकत्र राहावीत म्हणून घालवलं.

हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणेल. झालेलं नाही. आजही ऑस्ट्रेलियात आईबापांपासून काढून सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांत ॲबोरिजिनल मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने इतर मुलांच्या दहापटीहून जास्त आहे. एकूण लोकसंख्येत हा समाज ४ टक्क्यांहूनही कमी, पण अशा मुलांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे. काही बाळं तर जन्मल्यावर हॉस्पिटलातूनच नेली जातात. काही मुलांना घरी खरोखर धोका असतो, हे नाकारता येत नाही. पण मिडवाइफने विचारलं, ‘घरी कोण कोण असतं? भांडणं होतात का? दारू?’, तर या बाईला तो प्रश्न काळजीचा वाटेल की चौकशीचा? ती ‘सगळं ठीक’ म्हणेल. आपल्याकडे आजीबाई डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय जी’ म्हणतात आणि गोळ्या फडताळात तशाच राहतात, तसंच हे. तिथे त्याच्यामागे मूल गमावण्याची भीतीही आहे.

धरण भरलेलं आहे, पण घरच्या नळाला पाणी नाही, अशी ही स्थिती. मधली पाइपलाइन म्हणजे विश्वास.

मग वेगळं काय करायचं?

या प्रश्नावरच्या उत्तराला तिथे ‘बर्थिंग ऑन कंट्री’ म्हणतात, आपल्या भूमीवर बाळंतपण. नाव ऐकून वाटतं की झाडाखाली, जुन्या पद्धतीने. तसं नाही. बहुतेक ॲबोरिजिनल लोक शहरांत आणि मोठ्या गावांत राहतात. शहरसुद्धा कुणाच्या तरी कंट्रीवरच उभं आहे; ब्रिस्बेन हे तुर्बल आणि युगेरा लोकांच्या भूमीवर आहे.

याच ब्रिस्बेनमध्ये २०१३ साली दोन ॲबोरिजिनल आरोग्य संस्था आणि मेटर मदर्स हॉस्पिटल यांनी मिळून एक सेवा सुरू केली. बाळंतपण त्या मोठ्या हॉस्पिटलातच होतं. बदल त्याच्या आधी आणि नंतर आहे. प्रत्येक बाईला तिची ठरलेली मिडवाइफ मिळते. गरोदरपणापासून बाळ काही आठवड्यांचं होईपर्यंत तीच, आणि तिला दिवसरात्र फोन करता येतो. दर वेळी नव्या चेहऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही. सोबत ॲबोरिजिनल समाजातलीच एक कुटुंब-मदतनीस असते. घराचं भाडं थकलंय, गाडी नाही, सरकारी ऑफिसात कागद अडकलाय, हेही तिला सांगता येतं. तपासणी हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये न होता वस्तीतल्या केंद्रात होते. मावशी, बहिणी, आजी, सगळ्यांना यायला मोकळीक. आणि कारभार ॲबोरिजिनल संस्थांच्या हातात.

परिणाम? २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत इथल्या बायकांची बाळं दिवसाआधी जन्मण्याची शक्यता ३८ टक्क्यांनी कमी होती. पाच किंवा त्याहून जास्त तपासण्यांना येणाऱ्या बायका वाढल्या. घरी जाताना बाळाला फक्त अंगावर पाजणाऱ्या आयाही वाढल्या. दिवसाआधी होणारं बाळंतपण टाळणारं ठोस औषध वैद्यकशास्त्राकडे फारसं नाही, हे माहीत असेल तर या आकड्याचं मोल कळतं.

ही कल्पना तशी नवी नाही. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला १९८७ पासून ‘अलुकुरा’ नावाचं बायकांचं केंद्र आहे. ‘आज्यांचा कायदा’ हे त्याचं मूळ तत्त्व. तिथल्या आज्यांनी आग्रह धरला म्हणून ते उभं राहिलं.

“पण हे धोक्याचं नाही का?”

हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुर्गम भागातल्या ॲबोरिजिनल बायकांमध्ये मधुमेह आणि संधिवाताच्या तापामुळे होणारा हृदयविकार जास्त आहे. अशा बाईचं बाळंतपण बेटावरच्या लहान दवाखान्यात करा, असं कुणीही म्हणत नाही. तिला डार्विनलाच जावं लागेल. तिच्यासाठी मागणी एवढीच की सोबत आई असू द्या, दुभाषा द्या, ओळखीची मिडवाइफ द्या.

पण ज्यांना काही गुंतागुंत नाही त्यांचं काय? इथे कॅनडाचं उदाहरण उपयोगी आहे. क्वेबेकच्या अगदी उत्तरेला नुनाविक या इनुइट लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात पूर्वी गरोदर बायकांना विमानाने दक्षिणेकडे पाठवत. बायकांनीच आवाज उठवला आणि १९८६ मध्ये पुविर्नितुक गावात प्रसूतिकेंद्र सुरू झालं. गावातल्याच बायकांना तिथे मिडवाइफचं प्रशिक्षण दिलं. तिथे सिझेरियनची सोय नाही. ती हजार किलोमीटरहून दूर माँट्रियलला. ऐकून छातीत धस्स होतं. पण तिथे मिडवाइफ, डॉक्टर आणि नर्स एकत्र बसून गरोदरपणातच प्रत्येक बाईची केस बघतात आणि कुणाला पाठवायचं ते ठरवतात. २००० ते २००७ या काळात झालेल्या बाळंतपणांपैकी आठ-दशांशाहून जास्त त्याच प्रदेशात झाली आणि निकाल चांगले होते.

म्हणजे धोका मोजतच राहायचा, फक्त मोजपट्टीवर आणखी एक खूण करायची. रक्तस्राव हा धोका आहे. भीतीपोटी सात महिने दवाखान्याचं तोंड न बघणं हाही धोकाच आहे.

“सगळ्यांना सारखंच वागवा की”

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नर्स आणि मिडवाइफ यांच्या नव्या आचारसंहितेत सांस्कृतिक सुरक्षितता आली, तेव्हा मोठी ओरड झाली. गोऱ्या नर्सना रुग्णासमोर गोरेपणामुळे मिळालेल्या फायद्यांची कबुली द्यावी लागणार, असं माध्यमांतून पसरवलं गेलं. संहितेत तसं काही नव्हतं आणि नियामक मंडळाला तसा खुलासा करावा लागला. पुढे २०२२ मध्ये आरोग्यसेवकांच्या नोंदणीच्या राष्ट्रीय कायद्यातही हे तत्त्व घातलं गेलं. ऑस्ट्रेलियात नर्स किंवा डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या, करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे माहीत करून घ्यायला हवं, कारण ते आता त्यांच्या कामाच्या नियमांत आहे.

आणि सारखं वागवणं म्हणजे काय? सगळ्यांना एकाच मापाची चप्पल दिली तर ती समानता होत नाही. चालता येणं ही समानता.

“सिगारेट ओढतात, त्याला कोण काय करणार?”

गरोदरपणात धूम्रपान करणाऱ्या बायकांचं प्रमाण या समाजात खूप जास्त आहे, आणि त्याने बाळाचं वजन घटतं, हे खरं. पण सिगारेट सोड असं सांगणारी बाई कोण आहे, यावर ते सांगणं ऐकलं जाईल की नाही हे ठरतं. जिच्यासमोर कबूल केल्यावर शेरा लिहिला जाईल तिच्याशी खोटंच बोललं जातं. जिचा नंबर आपल्या फोनमध्ये आहे तिला ‘आज पुन्हा ओढली’ असं सांगता येतं.

खर्चाचा आक्षेप लवकर मिटतो. ब्रिस्बेनच्या सेवेचा हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक आई-बाळामागे सुमारे ४,८०० ऑस्ट्रेलियन डॉलर वाचल्याचं दिसलं, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवणं फार महाग असतं.

आपल्या ओळखीची वाट

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारच्या वाचकांना हे सगळं परकं वाटणार नाही. आपल्याकडे आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहेत, तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने येऊन राहायला. सोबत नातलग आणि लहान मूल चालतं. नाव देणाऱ्याला नेमकं कळलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामला दवाखाना बांधला तो गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचा, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. मोठ्या सिमेंटच्या इमारतीची लोकांना भीती वाटते हे त्यांनी ऐकून घेतलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून त्यांनी बालमृत्यू किती घटवले, ते १९९९ पासून जगाला माहीत आहे.

“इतक्या ॲबोरिजिनल मिडवाइफ आणणार कुठून?”

खरी अडचण इथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या शंभर मिडवाइफमध्ये या समाजातल्या जेमतेम एक-दोन. विद्यापीठ दूर, घरी मुलं, वर्गात आपण एकटीच. मेनिंग्रिडा गावातल्या मॉली वार्डागुगा या बुर्रारा समाजाच्या जाणत्या मिडवाइफचं स्वप्न होतं की बायकांना आपल्या भूमीवर बाळंत होता यावं. आज चार्ल्स डार्विन विद्यापीठातली संशोधन संस्था त्यांच्या नावाने चालते आणि ती याच प्रश्नावर काम करते. न्यू साउथ वेल्समधल्या नाउरा इथल्या ‘वामिंडा’ या ॲबोरिजिनल बायकांच्या संस्थेला प्रसूतिकेंद्रासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये २.२५ कोटी डॉलर जाहीर केले.

आणि गालिविन्कूत योल्ङू बायका ‘जाकामिर’ होण्याचं शिक्षण घेऊ लागल्या आहेत. गरोदरपण आणि जन्म यांची राखण करणारी, असा त्या शब्दाचा अर्थ. अजून विमानं थांबलेली नाहीत. बाळंतपण डार्विनलाच होतं. पण त्या विमानात बसताना शेजारी आपली भाषा बोलणारी, आपल्या आजीला ओळखणारी जाकामिर असावी, एवढ्यासाठी सध्या त्या झगडत आहेत.